शहाण्णवचा आकडा

"शहाण्णव केबी?" मुंबईहून आलेल्या इंजिनियर साहेबांचं बोट कागदावर थांबलं. "पुस्तकात तर मेमरी असेल तेवढी मोठी करा म्हटलंय."

पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या कारकून अप्पांचा जीव टांगणीला लागला. आता आपलं नाव निघणार, याची त्यांना खात्री होती.

मालवणच्या आंबा बागायतदार संस्थेत कॉम्प्युटर येऊन पाच महिने झाले होते. फ्लॉपीवर सभासदांची यादी क्रमाने लावायला पाऊण तास लागायचा. म्हणून मशीनच्या मेमरीतलाच एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्यालाच डिस्क समजून काम करायचं, की तेच काम चार मिनिटांत. खोट एवढीच, की वीज गेली की त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जायचं. आणि वीज जाणं मालवणात कुणाला नवं नव्हतं.

गेल्या महिन्यात अप्पांनी मिठबावच्या तीनशे सभासदांची नावं दिवसभर खपून तिथे चढवली आणि लाइट गेली. लाइट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा दीड मिनिट कोकलत होता. लाइट गेल्याचा माकाय दिसता, असं त्याला सुनावून अप्पा काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून दोन तास बसले. "लाइट इली काय नावां येतली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. लाइट आली. नावं आली नाहीत.

त्यानंतर वरून कागद आला. ही डिस्क जास्तीत जास्त केवढी ठेवायची याचं एक पान मराठीत लिहून द्या, सगळ्या शाखांच्या पुस्तिकेत घालायचं आहे. काम कावेरीकडे गेलं. विशीतली पोर, टायपिंगला वीज. चार दिवस तिने अप्पांचा पिच्छा पुरवला. अप्पा कामात गुंतले, की न सांगता जाऊन भिंतीतला प्लग काढायची, घड्याळ धरायची आणि म्हणायची, "अप्पानू, वाचवा." मग वहीत काहीतरी लिहायची.

"म्हाताऱ्याची परीक्षा कित्याक घेतंस गो?" अप्पांनी एकदा विचारलं.

"परत एकदा करूया, अप्पानू," एवढंच ती म्हणाली.

अप्पा काय समजायचं ते समजले. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. आता मशीनवरून उठवून परत आवक-जावकच्या रजिस्टरवर बसवणार, आणि तेही या मुलीच्या वहीच्या आधाराने. त्यांना तिचा राग आला होता, आणि राग येण्यासारखं ती काही खोटं लिहीत नसणार, याचं जास्त वाईट वाटत होतं.

"या मशीनवर दोनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत जाता येतं," कावेरी उभी राहून सांगत होती. "त्याच्या पुढे गेलं तर यादीच्या प्रोग्रॅमला जागा उरत नाही. एकेक आकडा लावून बघितलाय, सर. पण लाइट गेल्यावर बॅटरी नव्वद सेकंद टिकते. तेवढ्यात सगळं फ्लॉपीवर उतरायला हवं. उतरणार नाही तेवढं ठेवून काय उपयोग?"

साहेबांनी पान परत वाचलं. मग खुर्ची पुढे ओढली. हे पान लिहायला त्यांनी मुंबईत दोघांना सांगितलं होतं, आणि दोघांनीही पुस्तक बघून मोठ्यात मोठा आकडा लिहून दिला होता. ही मुलगी मात्र प्लग काढून बसली होती.

"नव्वद सेकंदांत शहाण्णवच?" ते म्हणाले. "तुमचा हात मघाशी पाहिला मी. तुम्ही दहा सेकंदांत कॉपी सुरू कराल. एकशे ब्याण्णव सहज उतरेल."

"उतरतं, सर."

"मग अर्धंच का?"

कावेरीने वही मिटली. "मशीनवर मी एकटी बसत नाही. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याचंही काम वाचायला हवं. त्याचंच गेलं तर पान लिहून काय केलं?"

"बरोबर आहे," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीत छापलेला आकडा खोडला आणि त्यावर शहाण्णव लिहिलं. "हाच जाईल. सगळ्या शाखांना. खाली कसा मोजला तेही लिहू. मोजताना कुणाचा हात धरलात?"

"तसं कुणाचा असं नाही," कावेरी चाचरली. "सरासरी काढली, सर."

अप्पांना आता कुठे उलगडा झाला. चार दिवस त्या वहीत आपल्यावर खटला चालला नव्हता. ते खुर्चीला हात टेकून उठले.

"सरासरी नाय, साहेब," ते म्हणाले. "माझो हात. चष्मो सोदून काढण्यासकट."