बाळ एका जागी बसत नाही

"एक आजी आल्यात. बाळाबद्दल बोलायचंय म्हणतात," रिसेप्शनवरच्या मुलीनं दारातून डोकं घालून सांगितलं. "त्याच शाळेचं आहे."

मुलांच्या डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. सकाळपासून त्या एकाच शाळेची पोरं येत होती. पूर्वी अशी तक्रार वर्षाकाठी एखादी यायची. आता कुणी खिडकीबाहेर पाहिलं की पाठव डॉक्टरकडे, कुणी पेन्सिल चावली की पाठव. लहान मुलाच्या हाती रबरी शिक्का लागावा आणि त्यानं दिसेल त्यावर तो उमटवत सुटावं, तसं तिथल्या हेडमास्तरांचं झालं होतं. शिक्का एकच : 'लक्ष नाही'. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर पुरेपूर भोगलं होतं. एका मुलाचं सांगता सांगता ते दुसऱ्यावर जायचे, तिथून शाळेच्या गळक्या छपरावर, आणि वाक्य अर्धं टाकून फोन ठेवून द्यायचे.

काही मुलांना औषधाची खरंच गरज असे. एका मुलीला गोळी लागू पडली आणि तिनं समोर बसून आख्खी गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा बाईंनी मनोमन देवाला हात जोडले होते. पण सरसकट सगळ्यांना? मनाला जागेवर बसवताना साधुसंत थकले, तिथं दुसरीतल्या पोराची काय कथा?

आजी आत आल्या. खिडकीवर लटकवलेल्या प्लास्टिकच्या माशाकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट खुर्चीत बसल्या. तो मासा ही बाईंची गुपचूप परीक्षा होती. बसायच्या आधीच जे पोर 'हा मासा खरा आहे का?' असं विचारी, त्याच्याकडे त्या जरा जास्त निरखून बघत.

"बाळाला शाळेतून काढतायत हो," आजींनी पदर डोळ्यांना लावला. "संस्थेच्या लोकांनी बजावलंय. महिन्याभरात सुधारला नाही तर घरी बसवणार. शाळेशिवाय त्याला दुसरं जगच नाही. झुरून जाईल."

बाईंचं काळीज हललं. आईवडील का आले नाहीत, असं त्यांनी हळूच विचारलं.

"वडील गेले. आता मीच काय ती त्याला."

आईबद्दल विचारायचा बाईंना धीर झाला नाही. त्यांनी कागद पुढं ओढला आणि कितवीत आहे ते विचारलं.

"एका वर्गात टिकेल तर सांगू ना. सकाळी पहिलीत सापडतो, दुपारी सातवीत."

मग आजींनी एकेक गाऱ्हाणं सांगायला घेतलं. डबा रोज त्या स्वतः भरतात, तो निम्मा परत येतो. कधी डबाच परत येत नाही. छत्र्या हरवायला तर धरबंध नाही. एक काम हातात घेतलं की दुसरं आठवतं, दुसरं घेतलं की तिसरं. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देईल तर शपथ. बाईंनी लहानपणापासून असंच आहे का म्हणून विचारलं, तेव्हा रडता रडता आजींना हसू फुटलं. पाळण्यातसुद्धा पाठ टेकायचा नाही म्हणाल्या, वय तेवढं वाढलं.

"तुम्ही शाळेतल्या पोरांना ती गोळी देता ना, ती त्यालाही लिहून द्या," त्या म्हणाल्या. "तोच सांगतो, पोरं एकदम गरीब गाय होतात म्हणून."

"आजी, गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. कुणाला ती लागते, कुणाला नुसतं पळायला मैदान लागतं. त्याला पाहिल्याशिवाय मी काहीच लिहिणार नाही. आणलंय का त्याला?"

"आणलंय की. बाहेर फेऱ्या मारतोय."

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी पुन्हा डोकावली. चेहरा रडवेला. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणून यांच्या बाळानं ते काढलं, उघडलं, आणि आता पाण्याच्या मशीनचा नळ दुरुस्त करायला घेतलाय, असं तिनं गाऱ्हाणं घातलं. फरशीवर पाणीच पाणी झालं होतं.

"बघा," आजी म्हणाल्या.

बाईंना त्या न पाहिलेल्या पोराची माया आली. घड्याळ उघडायला बसतं म्हणजे कुठंतरी लक्ष लागतंच की त्याचं. आणि अशा लेकराला शाळेबाहेर काढायला निघालेत.

"आजी, काळजी सोडा. त्याला शाळेत ठेवायची जबाबदारी माझी. तुमच्या हेडमास्तरांशीच बोलते. पोरांवर शिक्के मारत सुटलेत, त्यांचे जरा कानच धरते."

आजींनी भक्तिभावानं हात जोडले. "धरा हो. मी धरून धरून थकले. तुमचं ऐकेल. आत्ता बोलता?"

"आत्ता," असं म्हणून बाईंनी फोन लावला.

बाहेर कुठंतरी घंटी वाजू लागली. वाजत राहिली. कुणाची तरी लगबग ऐकू आली, खुर्ची पडली, घंटी दाराजवळ आली.

दार उघडलं. कपाळावर चढवलेला चष्मा ओल्या हातांनी सगळ्या खिशांत शोधत, डोईवरचे केस पिकलेले एक गृहस्थ आत आले.

"डॉक्टर, फोन कशाला, मी इथंच आहे. आमच्या चौथीतल्या त्या चौघांना गोळ्या सुरू केल्यात ना? मुलांचं हल्ली अजिबात लक्ष—" ते खिडकीकडे वळले. "हा मासा खरा आहे का?"