तुझ्याच वर्षाचा

गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून चष्मेवाले एकेक भिंग बदलून पाहत होते, तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली. नावाजलेला जलतरणपटू गेला. त्यानं आपल्याच हातानं आयुष्य संपवलं होतं. नुकतंच अडतिसावं लागलं होतं त्याला.

खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, एवढी पदकं, एवढं नाव, काय कमी होतं हो? सुखसुद्धा बोचतं माणसाला. चष्मेवाल्यांनी नुसती मान हलवली. गृहस्थांच्या डोळ्यांवरची फ्रेम अलगद उतरवली, दिवा बिघडलाय असं चक्क खोटं सांगितलं आणि त्यांना उद्या यायला सांगून भरदुपारी शटर ओढलं.

चष्मेवाल्यांच्या मुलालाही अडतिसावं लागलं होतं.

मुलगा इमारतींचे नकाशे काढायला शिकत होता. ते अर्ध्यावर सुटलं. मग एकदोन नोकऱ्या धरल्या, सोडल्या. पुढे एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो खोलीत जाऊन पडला. ताप उतरला, पण तो काही बाहेर आला नाही. डॉक्टर करून झाले. बहिणीनं गावाहून येऊन रडून पाहिलं. शेवटी आईनं दाराबाहेर एक स्टूल ठेवलं आणि त्यावर ताट ठेवायला लागली. रिकामं ताट परत मिळतंय यातच ती समाधान मानायची.

चष्मेवाल्यांचा उपाय वेगळा होता. मुलाच्याच वर्षी जन्मलेलं कोणी मोठं माणूस वाचनात आलं, कानावर आलं, की संध्याकाळी त्या बंद दाराशी उभं राहून ते सांगायचे. लहान बाळांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या बाई आहेत ना, तुझ्याच वर्षाच्या. बुद्धिबळातला तो, तुझ्याच वर्षाचा. परवा मंत्री झाला तोही. त्यांना मुलाला हिणवायचं नव्हतं. एकाच हंगामात लावलेली रोपं, चार तरारली तर पाचवंही कधीतरी मान वर काढेल, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. बायकोनं एकदा म्हटलं होतं, "अहो, पुरे करा. जखमेवर मीठ कशाला चोळता?" तेव्हा हे मीठ नाही, औषध आहे, असं त्यांनी तिलाच समजावलं होतं.

आणि सगळ्यांत जास्त सांगितलं होतं ते या जलतरणपटूचं. मुलाहून आठवड्यानंच धाकटा. त्याची एकेक शर्यत त्यांनी दाराआडच्या मुलाला वर्णन करून ऐकवली होती.

जिना चढून ते घरात आले तेव्हा बायको भांडी घासत होती. एवढ्या लवकर कसे, असं तिनं विचारलं. डोकं दुखतंय म्हणाले. तिला बातमी कळलेली दिसत नव्हती. ते तसेच मुलाच्या दाराशी गेले आणि कान देऊन उभे राहिले. आत काहीच आवाज नव्हता.

त्यांनी दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मग तळहातानं थापटायलाच लागले.

"झोपला असेल हो," ओले हात पुसत बायको मागे येऊन उभी राहिली.

आतून कडी सरकली. दार वीतभर उघडलं. बायको लगबगीनं स्वयंपाकघरात परतली. दोघांनी मिळून आपल्याकडे बघितलेलं मुलाला खपत नसे.

मुलाच्या दाढीत बरेच केस पांढरे झाले होते. चष्मेवाल्यांना ते ठाऊक नव्हतं. आपण लोकांचे डोळे तपासतो आणि हे आज दिसतंय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"सहज आलो," ते म्हणाले. "म्हटलं, बघावं काय चाललंय."

"ऐकलं मी," मुलगा म्हणाला. आत उशीपाशी फोनचा उजेड पडला होता.

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"जिना पळत चढलात ना?"

"छे रे."

"दम लागलाय तुम्हाला."

त्यांनी चौकटीला हात टेकवला. मुलगा त्या हाताकडे बघत राहिला. मग, आजाऱ्याची समजूत काढावी तशा हळू आवाजात म्हणाला, "घाबरू नका, बाबा. त्याच्यासारखं मला कधी काहीच जमलं नाही. हेही जमायचं नाही."

चष्मेवाल्यांना एकदम हायसं वाटलं, छातीवरचा धोंडा उतरावा तसं. आणि आपल्याला हायसं वाटलंय हे मुलानं पाहिलं, हेही त्यांना दिसलं. इतकी वर्षं ज्या दाराशी त्यांनी तोंडाची वाफ दवडली, ते आज उघडं होतं आणि त्यांना एक शब्द सापडत नव्हता.

"जेवलास का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

मुलानं दार लावलं. वडिलांना तोडल्यासारखं वाटू नये म्हणून कडी अगदी सावकाश सरकवली. तरी ती वाजलीच.

स्वयंपाकघरात बायको नळ बंद करून त्यांचीच वाट बघत होती. तिनं त्यांचा दंड धरला. गालांवर लाली चढली होती तिच्या.

"बोलला ना? मी आवाज ऐकला. बोलला ना तो तुमच्याशी?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "पुष्कळ बोलला."