तोंडातला उजेड

अठ्ठ्याण्णव साली सांगलीतल्या दातांच्या दवाखान्यात पेनाएवढा नवा कॅमेरा आला. तो तोंडात घातला की आतले दात समोरच्या टीव्हीवर मोठे होऊन दिसायचे. ते बघायच्या नादात पोरं रडायचं विसरून जायची.

माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेला नागसेन आपल्या नऊ वर्षांच्या भाचीला, दीक्षाला, दाढ ठणकते म्हणून घेऊन आला. किल्लारीच्या भूकंपात घर कोसळलं, तेव्हा ढिगाऱ्यातून ती एकटीच जिवंत निघाली होती. तेव्हापासून ती मामाकडेच होती.

"आईचं कवा नावसुदिक काढत न्हाई, डॉक्टर," नागसेन हळूच म्हणाला. "लय ल्हान व्हती. इसरली आसंल."

डॉक्टरांनी दीक्षाला टीव्ही दाखवला. तिनं हसून मोठ्ठा आ केला. कॅमेऱ्याच्या टोकाचा बारीक दिवा तोंडात गेला आणि टीव्हीवर अंधार उमटला. त्या अंधारात वरखाली ओबडधोबड दगडांसारखे दात होते आणि त्यांच्या फटीतून उजेड आत आत सरकत होता.

दीक्षाचं हसू थांबलं. तिनं डॉक्टरांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि कॅमेरा तोंडातून बाहेर काढला. तिची नजर मात्र टीव्हीवरून हलली नाही.

"काय झालं, बाळ? दुखलं का?"

 

"मला नगं. आदी आईला भायेर काढा. ती आजून आतच हाय."