कड्यावरची टेहळणी

कड्यावर उभ्या टॅमसिनने होडीला दिशा दाखवायची हातातली फांदी डावीकडे हलवली. खाली म्हाताऱ्या जेगोची होडी मात्र जागची हलेना.

इंग्लंडच्या या किनाऱ्यावर माशांचा थवा होडीतून दिसत नाही. तो कड्यावरूनच दिसतो, पाण्यावरच्या तांबूस सावलीसारखा. ही टेहळणी आजवर पुरुषांचीच. "नवऱ्यामागे त्याची जागा घेतलीस, पण त्याचे डोळे कुठून आणशील?" जेगोने सकाळीच टोमणा मारला होता. यंदाही जाळी रिकामी राहिली, तर निम्मं गाव जहाजाने परदेशी निघणार होतं.

ती फांदी हलवतच राहिली. हात भरून आले. अखेर होडी कुरकुरत वळली, जाळं पडलं.

भरलेलं जाळं ओढायला साऱ्या होड्या लागल्या.

दुपारी जेगो धापा टाकत कडा चढून आला आणि टोपी काढून म्हणाला, "उद्या उजाडताच ये, टॅमसिन. तू इथे दिसल्याशिवाय होडी लोटायची नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय."