कुंदाचा कान

“सुई दे म्हणते नं! लेकरू तडफडून राह्यलं, अन् तू नुसती पाहून राह्यली?”

आनंदाबाईंचा आवाज ओसरीपर्यंत गेला. बाकावरच्या बायांनी माना वळवल्या. चार वर्षांची कुंदा आजीच्या खांद्यावर मान टाकून कण्हत होती.

सुलोचना डॉक्टरीण वर्धेला शिकून गावच्या दवाखान्यात आली होती. तिनं बॅटरीनं कान पाहिला, कानामागं चाचपलं, ताप मोजला.

“सुई नाई. दुखणं थांबाचं औषध देते. असे बरेच कान आपल्यानंच बरे होतात. ताप चढला, कानामागं सूज आली, तर मीच सुई देईन.”

“माह्या भावाचा कान असाच फुटला. जन्माचा बहिरा झाला तो!”

“ठाऊक हाय मले. तरी नाई.”

“मंग मी सिंदीले नेते. तिथला डॉक्टर मागितली का सुई देते.”

“नेऊ देणार नाई. गरज नसताना सुईतलं औषध देत गेलं, तर गरजेच्या वक्ताले थेच लागू पडत नाई.”

“तू कोन अडवणारी?”

डॉक्टरिणीनं कुंदाला चमचाभर औषध पाजलं.

आनंदाबाई तणतणत एसटीच्या थांब्यावर गेल्या. पण गाडी यायच्या आतच कुंदाला गाढ झोप लागली. तिला उठवायला त्यांचा जीव होईना. त्या घरी परतल्या, मात्र सिंदीला जायची पिशवी भरूनच ठेवली.

दवाखाना उघडायच्या आधी आणि बंद झाल्यावर डॉक्टरीण कान पाहत होती. काही विचारलं की आनंदाबाई तोंड फिरवत. ताप उतरला. दुखणं ओसरलं. मग एका सकाळी कुंदा अंगणात शेळीच्या मागं धावताना दिसली.

बाजाराच्या दिवशी आनंदाबाई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. आत बाहेरगावची मनकर्णाबाई पोराला मांडीवर घेऊन भांडत होती. त्याचाही कानच दुखत होता.

“सुई काऊन नाई देत?” ती बाकावरच्या बायांकडे वळली. “दुसऱ्याचं लेकरू हाय म्हणून चाललं हे! सोताच्या पोटच्या पोरीले ठेवलं असतं काय हिनं असं?”

आनंदाबाईंनी कुंदाला कडेवरून उतरवलं आणि मनकर्णाबाईपुढं उभं केलं.

“ठेवलं नं, बाई. मी एवढी भांडली, तरी ठेवलं. हे तिचीच पोरगी हाय, अन् थे माही सून.”