बसलेल्या गायी

पंधरा गायी उभ्या होत्या आणि चंपालालशेठ त्यांच्याकडे, नवस बोलूनही न पावलेल्या देवांकडे पाहावं, तसे पाहत होते.

पांजरापोळीतला हा नवा गोठा त्यांनी आईच्या नावानं बांधला होता. खाली घोटलेली शहाबादी फरशी, भिंतीवर संगमरवरात आईचं नाव. दुपारी कलेक्टर उद्घाटनाला यायचे होते.

"सकाळपासून एकही बसली नाही," गुरांचे डॉक्टर अभिमन पाटील म्हणाले. परदेशी मासिकातली पद्धत त्यांनी इथं लावली होती. "जनावर सुखात असलं की बसतं, रवंथ करतं. बसलेली मोजायची, की कळलं. शेठ, ही फरशी निसरडी आहे. पाय घसरतो म्हणून त्या बसत नाहीत. वर माती टाका. निदान तांबडीला तरी बाहेर काढा, विण्यावर आलीय ती."

माती! आरशासारख्या फरशीवर माती टाकायला शेठ काय वेडे होते?

"बसलेली मोजतात ना? मग बसवा," ते गोठा सांभाळणाऱ्या पितांबरला म्हणाले.

"बांधीसन बसाडसू, शेठ. पन तांबडी गाभन शे."

"तिला आधी बसव."

डॉक्टरांनी मासिक पिशवीत टाकलं. त्यांना जळगावला बदली हवी होती आणि शेठांचा कलेक्टरांकडे शब्द चालायचा. मासिकात ताठ कण्याविषयी काही छापलेलं नव्हतं.

दुपारी पंधराच्या पंधरा गायी बसलेल्या होत्या. पुढचे पाय दुमडून दोरानं बांधलेले, दोर दिसू नयेत म्हणून वर नक्षीच्या झुली. एकही रवंथ करत नव्हती. समोर गाद्यांवर पाहुणे तेवढे पान चघळत होते.

"काय डॉक्टर, तुमचं शास्त्र काय म्हणतं?" कलेक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी गायी मोजल्या. निलाजरेपणानं बोट दाखवत एकेक मोजली.

"सगळ्या बसल्यात, साहेब."

टाळ्या पडल्या. त्या आवाजानं तांबडी बुजली, हिसका देऊन दोर तोडत अर्धी उठली. मागचे पाय फरशीवरून दोन बाजूंना फाकत गेले आणि ती पोटावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज डॉक्टरांनी ऐकला, पितांबरनंही ऐकला. तांबडीनं मान टाकली.

शेठ कौतुकानं हसले.

"पाहिलंत साहेब? उठली तरी परत बसते."