गाळलेलं पाणी

एकाहत्तर साली साखर कारखान्याची मळी बंधाऱ्यात उतरली आणि मासे उलटे तरंगू लागले. मासेमारीवर जगणाऱ्या कडूबाईने अर्ज केला, तेव्हा नगरहून तपासनीस येऊ लागला. तो जीपपाशी थांबे, ती बाटली भरून आणे. तीनदा अहवाल आला: पाणी स्वच्छ. चौथ्या खेपेला तो तिच्यामागे काठावर उतरला. बाटलीच्या तोंडावर फडकं धरून ती तांब्याने पाणी ओतत होती. “बाई, गाळताय कशाला?” “सायेब, पावन्याला बिनगाळलेलं पानी कसं द्यायचं?” “अहो, मला ती घाणच हवी होती!” कडूबाईने फडकं उलटलं. काळा गाळ, मेलेली पिलं. “म्हंजी तीनदा कारखाना म्याच वाचिवला!” तिने बाटली रिकामी केली, न गाळता पुन्हा भरली. तपासनीस म्हणाला, “साक्षीदार लागेल. गावाचा ऊस तिथंच जातो. सही कोण करणार?” तिने फडक्यातल्या गाळात अंगठा बुडवला. “काढा कागद.”